आधी काम, मग माइक

पुण्याच्या पेठांमध्ये गणपतीत जिवंत देखावे होतात. त्यांतली एक गोष्ट बघणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मावळे, शाहीर, क्रांतिकारक, कर्जात बुडालेला शेतकरी अशी पात्रं रंगवणारी पोरं प्रत्यक्षात एक अक्षरही बोलत नसतात. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. मांडवातल्या छोट्याशा रंगमंचावर उभं राहायचं, आवाज ऐकत हातवारे करायचे, ओठ हलवायचे आणि काही मिनिटांत प्रयोग संपला की पुढच्या गर्दीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. एका रात्रीत असे कितीतरी प्रयोग होतात. विसर्जनापर्यंत त्या पोराने हजारो अनोळखी नजरा अंगावर घेतलेल्या असतात. वर्गात हजेरीला ‘येस सर’ म्हणतानाही ज्याचा आवाज घशात अडकतो, तो मुलगा हे करू शकतो, कारण त्याला बोलायचं नसतं. एखाददोन वर्षांनी ध्वनिमुद्रणासाठी आवाज कमी पडले की तोच मुलगा चार वाक्यं म्हणायला पुढे येतो, तेव्हा मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्यांना त्याचं नवल वाटत नाही.

कार्यकर्त्यांनी हे काही मानसशास्त्राची पुस्तकं वाचून ठरवलेलं नसतं. देखाव्याला माणसं लागतात, म्हणून गल्लीतल्या बुजऱ्या पोरालाही ते ओढून आणतात. पण भीड चेपण्याची वाट हीच आहे. आधी चार माणसांत उभं राहायला मिळावं, हाताला काम मिळावं आणि बोलण्याची पाळी त्यानंतर, ज्याच्या त्याच्या कलाने यावी. आपल्या घरांत, शाळांत आणि शिबिरांत मात्र उलटं चालतं. लहानपणी पाहुण्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ इथून सुरुवात होते, आणि मोठेपणी पैसे भरून लावलेल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात पहिल्याच सकाळी हातात माइक देऊन ‘स्वतःबद्दल दोन मिनिटं बोल’ असं सांगितलं जातं. ज्याला बोलता येतं तो बोलतो आणि टाळ्या घेतो. ज्याला येत नाही, त्याला सगळ्यांदेखत कळतं की हे आपल्याच्याने होणार नाही. मग तो अशा जागी जाणंच टाळायला लागतो.

लाजाळूपणा हा काही अपवादाने आढळणारा दोष नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत या विषयावर मोठी पाहणी केली. तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू असल्याचं सांगितलं होतं. मनमोकळं बोलण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या समाजातली ही स्थिती. आणि अबोल असणं व बुजरं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. काहींना कमी बोलायलाच आवडतं. त्यांचं त्यात काही अडत नाही आणि त्यांना बडबडं करण्याचा आटापिटा कुणी करू नये. प्रश्न आहे तो ज्यांना बोलायचं असतं, विचारायचं असतं, मैत्री करायची असते, पण ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाही, त्यांचा.

महाराष्ट्रात या बुजरेपणाला आणखी काही पदर आहेत. लातूर-परभणीकडून, गडचिरोलीहून, नंदुरबारच्या पाड्यांवरून शिकायला शहरात आलेल्या मुलाला स्वतःच्या बोलीची लाज वाटायला लावली जाते. त्याने तोंड उघडलं की वर्गात कुणीतरी त्याचा हेल काढून दाखवतं. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांच्या घोळक्यात त्याला उत्तर येत असूनही तो गप्प बसतो. कुणाला आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल याची धास्ती असते. मुलींना तर ‘हळू बोल’, ‘मोठ्याने हसू नकोस’, ‘पुढे पुढे करू नकोस’ हे बालपणापासून ऐकवलेलं असतं. मग तोंडी परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत, बँकेच्या खिडकीपाशी, ग्रामसभेत याच मुलामुलींना ‘तुमच्यात आत्मविश्वास नाही’ असं सुनावलं जातं. तो कुठे मिळतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

तो कसा मिळतो याचं एक उत्तम उदाहरण मोहनदास गांधी नावाच्या तरुणाचं आहे. वकिलीच्या शिक्षणासाठी १८८८ मध्ये लंडनला गेलेला हा मुलगा इतका लाजाळू होता की चार माणसांत उठून बोलणं त्याला अशक्य वाटे. तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर तो निवडून आला, पण बैठकांमध्ये तो मुका बसून असे. एका सभासदाला मंडळातून काढण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याला त्याविरुद्ध मत मांडायचं होतं. त्याने ते लिहून काढलं, पण वाचण्याचं धैर्य झालं नाही आणि अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. व्हेंटनर गावातल्या सभेतही हेच झालं. कागद हातात, पाय लटपटताहेत, डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी सोबतच्या स्नेह्याने तो कागद वाचला. परतीच्या वेळी मित्रांना दिलेल्या मेजवानीतही ठरवून आणलेलं विनोदी भाषण पहिल्याच वाक्याला अडलं आणि आभार मानून तो खाली बसला. हे सगळं गांधीजींनी स्वतःच्या आत्मकथेत सविस्तर लिहून ठेवलं आहे.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि तोच महत्त्वाचा आहे. बोलता येत नव्हतं, तरी त्या मंडळाने या तरुणाला बाहेर काढलं नाही. त्याच्याकडून त्याला जमेल ते करून घेतलं. त्याने ‘द व्हेजिटेरियन’ या साप्ताहिकात हिंदुस्थानातल्या आहाराबद्दल आणि सणांबद्दल लेख लिहिले. लंडनच्या बेजवॉटर भागात राहत असताना त्याने स्वतःच एक छोटं शाकाहारी मंडळ काढलं, नामवंत कवी सर एडविन अर्नोल्ड यांना उपाध्यक्ष केलं आणि तो स्वतः चिटणीस झाला. ते मंडळ काही महिनेच चाललं. पण संस्था उभारायची आणि चालवायची कशी याचा थोडासा अनुभव तिथे मिळाला, असं गांधीजींनी नोंदवलं आहे. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात पोहोचल्यावर त्यांनी तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावली आणि व्यापारातल्या सचोटीवर भाषण केलं. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण असं ते त्याचं वर्णन करतात. त्याच सभेत त्यांनी हिंदी लोकांचं मंडळ स्थापन करण्याची सूचनाही मांडली. सभा बोलावणं, कामाची वाटणी करणं, पत्रं लिहिणं, ही सवय लंडनमध्ये लागली होती. आवाज तिच्यामागून आला.

मंडळाने सांभाळून घेतलं म्हणून एक माणूस घडला, एवढंच यातून म्हणायचं आहे. प्रत्येक बुजरा मुलगा गांधी होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही.

अमेरिकेत राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी याच जाणिवेतून एक रीत बसवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वायएमसीए या तरुणांच्या संस्थेत काम करत होते. तिथे येणाऱ्या मुलांना सभेत बोलण्याची आणि सभा चालवण्याची सवय नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएच्या तळघरात भरलेल्या त्यांच्या बैठकीतून आजची टोस्टमास्टर्स ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. मुंबई-पुण्यातही तिची मंडळं आहेत. तिथली रीत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बैठकीत भाषण करणारे थोडेच, पण कामं अनेकांना. कुणी घड्याळ लावून वेळ मोजतो, कुणी बोलणाऱ्याची भाषा टिपतो, कुणी ‘अं… अं…’ किती वेळा झालं ते मोजतो. नवा माणूस पहिल्या दिवशी वेळ मोजायला बसतो आणि शेवटी उठून फक्त आकडे सांगतो. तेवढंच बोलायचं असतं, त्यात चुकण्यासारखं काही नसतं, आणि तरीही सगळे त्याच्याकडे बघत असतात.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने याची कारणं नीट उलगडली. हे मला जमेल, हा विश्वास माणसात कुठून येतो, याचे चार उगम त्यांनी सांगितले. सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः केलेलं आणि तडीला गेलेलं काम. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं. मग विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर. आणि चौथं, शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. छाती धडधडते म्हणजे आपण हरलो असं समजायचं, की आता पाळी आली एवढंच समजायचं, यावर पुढचं बरंच ठरतं. आपल्या घरांत आणि शाळांत सगळा भर तिसऱ्या उगमावर असतो. ‘घाबरू नकोस, तू करशील’ असं शंभरदा सांगितलं जातं. चांगल्या मंडळात मात्र चारही एकदम मिळतात, आणि तेही दर आठवड्याला. गावाकडे पोराला पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडत, आणि त्याला पाण्याचा अंदाज आला की भोपळा काढून घेत. मंडळातलं काम म्हणजे बुजऱ्या मुलाच्या पाठीला बांधलेला तो भोपळा.

ढोल-ताशा पथकांत हे डोळ्यांनी दिसतं. गणपतीच्या महिना-दोन महिने आधीपासून पुण्यात नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर संध्याकाळचे सराव सुरू होतात. नवखी मुलं-मुली येतात. पहिले काही दिवस ओझी उचलणं, ढोल आवळायला मदत करणं, जुन्यांचे हात बघणं एवढंच असतं. मग कंबरेला ढोल बांधून रांगेत शेवटी उभं राहायला मिळतं. पन्नास-शंभर ढोलांत एखादा ठोका चुकला तर तो शेजाऱ्याशिवाय कुणाला कळत नाही. चुकूनही लपून जाता येतं, ही बुजऱ्यासाठी फार मोठी सोय आहे. पण पथक एकत्र वाजतं तेव्हा तो आवाज आपलाही असतो, हे त्याला छातीत जाणवतं. पुढे कुणी ताशाकडे वळतं, कुणी ध्वज घेतं, कुणी मिरवणुकीत दोरी धरून गर्दी सांभाळतं. गर्दी सांभाळणाऱ्याला अनोळखी माणसाला ‘काका, जरा मागे सरका’ म्हणावंच लागतं, आणि दिवसभरात ते इतक्या वेळा म्हणावं लागतं की लाजायला उसंत मिळत नाही. ज्ञानप्रबोधिनी या शिक्षणसंस्थेने शाळकरी मुलांची आणि पुढे मुलींची पथकं उभी करून ही वाट रुंद केली. आज मुली ढोल वाजवताना पाहून कुणी थबकत नाही, ही मोठी कमाई आहे. आवाजाच्या मर्यादेबद्दल आणि रस्ते अडण्याबद्दलच्या तक्रारी रास्त आहेत, पथकांनी त्या मानायलाच हव्यात. पण त्या तक्रारींच्या भरात या पथकांत माणसं कशी घडतात ते नजरेआड होऊ नये.

महाविद्यालयीन नाटकाचं तर यात मानाचं स्थान आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुण्यात सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आणि १९७४ पासूनची फिरोदिया करंडक स्पर्धा, या दोन्हींनी कितीतरी पिढ्यांना रंगमंचाच्या उजेडात आणलं. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी उठते, तेव्हा लक्ष जातं ते प्रकाशात उभ्या असलेल्यांकडे. पण एका एकांकिकेमागे प्रकाशयोजना, नेपथ्य, संगीत, वेशभूषा, सामान गोळा करणं, तालमीला जागा मिळवणं, हिशेब ठेवणं अशी किती तरी कामं असतात. बुजऱ्या मुलांची खरी शाळा तिथे भरते. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलीला एकाही प्रेक्षकासमोर यावं लागत नाही, पण तिने वेळेवर दिवा लावला नाही तर नायकाचं वाक्य अंधारात जातं. आपल्यावाचून अडतं, हा अनुभव तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळत असेल. फिरोदियाची तर रचनाच अशी की चित्र, शिल्प, वाद्य, नृत्य अशा अनेक कला एकाच सादरीकरणात गुंफायच्या. ज्याला बोलता येत नाही पण बासरी येते, त्याच्यासाठीही त्या मंचावर जागा असते. बोलीभाषेतल्या संहिता अशा स्पर्धांत गाजतात, तेव्हा ज्याचा हेल वर्गात चेष्टेचा विषय झाला होता, त्याच्याकडेच शहरी मुलं उच्चार शिकायला येतात.

राष्ट्र सेवा दलाचा इतिहासही या दृष्टीने पुन्हा वाचायला हवा. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या, एस. एम. जोशी आणि साने गुरुजींच्या प्रेरणेने वाढलेल्या या संघटनेच्या शाखांवर खेळ, कवायत, गाणी, गोष्टी आणि चर्चा असत. त्यातून कलापथक उभं राहिलं. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखे लोक त्यात होते. निळू फुले पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते आणि संध्याकाळी कलापथकात लोकनाट्य करत होते. राम नगरकर, दादा कोंडके, पुढे स्मिता पाटील, सगळ्यांच्या वाटचालीत सेवा दल आहे. ही मोठी नावं झाली, पण त्यांच्यामागे समूहगीताच्या तिसऱ्या रांगेत उभी राहिलेली असंख्य मुलं-मुली होती. ती पुढे शिक्षक झाली, परिचारिका झाली, सरपंच झाली, कामगार संघटनांत गेली. समूहगीतात एकट्याचा आवाज उघडा पडत नाही. आधी सगळ्यांबरोबर गायचं आणि पुढे कधीतरी कडव्याची एक ओळ एकट्याने घ्यायची, हा क्रम त्या शाखांवर सहज पाळला जाई.

शिबिरांनी हेच काम श्रमातून केलं. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, सकाळी कुदळ-फावडं आणि नंतर विचारवंतांशी गप्पा असा तिथला शिरस्ता. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत. तिच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करावं लागतं. अनेकांसाठी ते केवळ वाढीव गुणांचं साधन असतं हे खरं, पण जिथे कार्यक्रम अधिकारी मनापासून काम करतो, तिथे सातव्या दिवसापर्यंत चित्र पालटतं. पहिल्या दिवशी कुणाशी न बोलणारी मुलगी स्वयंपाकाच्या गटात पडते. पिठलं-भाकरी शंभर जणांची करायची, तर मीठ किती हे विचारावंच लागतं. गावात घरोघरी सर्वेक्षणाला जायचं, तर ‘मावशी, घरी किती माणसं?’ हे म्हणावंच लागतं. बोलण्याला निमित्त मिळालं की निम्मी भीती जाते, कारण मग लोक आपल्याकडे बघत नसून आपल्या कामाकडे बघताहेत असं वाटतं.

मुलींच्या बाबतीत मात्र निमित्त पुरत नाही, जागा लागते. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेच्या पुढाकाराने मुली फुटबॉल खेळायला लागल्या, तेव्हा पहिली अडचण खेळाची नव्हती. मैदानावर मुलांचा कब्जा होता आणि घरून परवानगी नव्हती. त्या मुलींनी सह्यांची मोहीम काढली आणि मुलींसाठी मैदान मागितलं. दारोदार जाऊन सही मागणं म्हणजे किती वेळा नकार ऐकणं, किती जणांना आपलं म्हणणं पटवणं. फुटबॉलइतकंच या मोहिमेनेही त्यांना घडवलं असणार. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलची गोष्ट ‘झुंड’ चित्रपटामुळे घराघरांत पोहोचली. त्यातही चेंडू हे निमित्तच होतं. संघात आपली जागा आहे आणि उद्या पाच वाजता आपली वाट बघितली जाईल, हे त्या मुलांना त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता मंडळांना खडसावण्याचीही वेळ आहे. आपल्याकडे मंडळांना तोटा नाही. गणेश मंडळं, नवरात्र मंडळं, गोविंदा पथकं, क्रीडा मंडळं, भजनी मंडळं, जयंती उत्सव समित्या, नेहरू युवा केंद्रांकडे नोंदलेली गावोगावची युवा मंडळं, सगळं आहे. पण त्यांतल्या बहुतेकांत माइक वर्षानुवर्षं त्याच दोन-तीन जणांच्या हातात असतो. अध्यक्ष बदलत नाही. बुजरा मुलगा खुर्च्या मांडतो आणि दहा वर्षांनीही खुर्च्याच मांडत असतो. कामापासून सुरुवात करावी, हे खरं, पण काम वाढत गेलं पाहिजे. खुर्च्यांवरून वर्गणीवर, वर्गणीवरून हिशेबावर, हिशेबावरून परवानग्यांसाठी पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत जाण्यावर तो सरकला पाहिजे. तो सरकत नसेल, तर मंडळ त्याला वापरून घेतंय, घडवत नाही. टोपणनावं ठेवणं, नव्या पोराची चेष्टा करणं, त्याला दारूच्या पंगतीत बसवून ‘धीट’ करणं, हे तर सरळ नुकसान आहे. अशा मंडळापासून आई-वडिलांनी मूल दूर ठेवलं तर त्यांना दोष देता येणार नाही.

त्याहून मोठा धोका पैशाचा आहे. पुढाऱ्याच्या फ्लेक्सबरोबर पुढाऱ्याचा पैसा येतो आणि मग सगळं विकत आणलं जातं. मांडव कंत्राटदाराचा, देखावा तयार, डीजे भाड्याचा, सूत्रसंचालक व्यावसायिक, व्यवस्था इव्हेंट कंपनीची. उत्सव झगमगीत होतो, पण पोरांना करायला नाचण्याशिवाय काही उरत नाही. आणि बुजरा मुलगा नाचत नाही. तो घरी बसतो, किंवा घोळक्याच्या कडेला मोबाइलमध्ये तोंड घालून उभा राहतो. ज्या वर्षी मंडळाने देखावा स्वतः बनवणं सोडलं, त्या वर्षी गल्लीतल्या अबोल पोरांसाठीचा सर्वांत मोठा वर्ग बंद झाला. पुठ्ठा कापणं, रंग देणं, तारा जोडणं, पहाटेपर्यंत जागून चहा करणं, याला पर्याय नाही.

मोबाइलवर मुलं बोलतातच की, असा एक युक्तिवाद केला जातो. खोलीचं दार लावून रील करणारी मुलगी कॅमेऱ्यासमोर धीट असते, हे खरं आहे आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. लाजाळू माणसाला पहिली ओळख लेखी करून घेता येते, ही सोयही मोठी आहे. पण रील आवडलं नाही तर पुसता येतं. समोरच्या माणसाच्या कपाळावरची आठी पुसता येत नाही, तिच्यासकट बोलत राहावं लागतं. २०२० आणि २०२१ मध्ये ज्यांची शाळेची मोलाची वर्षं पडद्यासमोर गेली, ती मुलं आता महाविद्यालयांत आणि नोकरीच्या रांगेत आहेत. त्यांना या सवयीची गरज आधीच्या पिढ्यांपेक्षा जास्त आहे.

मंडळ हे सगळ्यावरचं औषधही नाही. काही मुलांची भीती साध्या बुजरेपणाच्या पुढे गेलेली असते. माणसांत जायच्या कल्पनेने रात्रीची झोप उडते, उलट्या होतात, महिनोन्महिने घराबाहेर पडणं थांबतं. अशा वेळी ‘पथकात घाला, सुधारेल’ हा सल्ला घातक ठरू शकतो. तिथे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. प्रत्येक मंडळाच्या फलकावर वर्गणीदारांच्या यादीशेजारी हा क्रमांक लिहायला काहीच खर्च नाही.

केंद्र सरकारच्याच एका अहवालानुसार २०२१ मध्ये देशाच्या लोकसंख्येत १५ ते २९ वयाच्या तरुणांचा वाटा सुमारे २७ टक्के होता. एवढ्या मुला-मुलींना बोलतं करण्याचं काम कुठलीही सरकारी योजना एकटी करू शकणार नाही. पण सरकार आणि महापालिका जागा देऊ शकतात. संध्याकाळी सहानंतर कुलूप लागणाऱ्या शाळांची सभागृहं, गावोगावची धूळ खात पडलेली समाजमंदिरं, नगरसेवकाच्या ओळखीशिवाय न मिळणारी पालिकेची मैदानं युवा मंडळांना ठरलेल्या वेळी, लेखी नियमांनी आणि मुलींसाठी राखीव तासांसह मिळाली पाहिजेत. स्वच्छतागृह आणि परतीच्या रस्त्यावर दिवे, एवढी सोय झाली तरी किती तरी घरांतून मुलीला आठ वाजेपर्यंत थांबायची परवानगी मिळेल.

बाकीचं मंडळांच्याच हातात आहे. यंदाच्या पहिल्या बैठकीत कामांची यादी कराल, तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांच्या नावापुढे एक-एक नवं नाव लिहा. पावती पुस्तक दोघांच्या जोडीने फिरू द्या, म्हणजे पहिल्या दहा घरांत जुन्याने बोलावं आणि अकराव्या घरापासून नव्याने. खजिनदारपद दर वर्षी बदला आणि ते एकदा तरी मुलीकडे जाऊ द्या. वर्षाचा अहवाल वाचायला नेहमीच्या वक्त्याला उभं करू नका. ज्याने हिशेब लिहिला, त्यालाच वाचू द्या. वाचताना तो अडखळला तर पहिल्या रांगेतल्यांनी हसू नये, एवढं अध्यक्षांनी आधीच बजावून ठेवावं.

आणि बैठकीला कोण येत नाही, तेही बघा. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वाडीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, जी खिडकीतून सराव बघते आणि खाली उतरत नाही. तिला निरोप पाठवू नका, घरी जाऊन बोलवा, आणि बोलावताना काय काम आहे ते सांगा.